ताटातले रंग

"हे काय केलंस?" देवरे मॅडमनी माझं जर्नल उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "हेमलता, गंमत करतेस का माझी?"

गंमत करायची माझी काय बिशाद. बारावीचं वर्ष, बायोलॉजीचं प्रॅक्टिकल, आणि एकेका सूक्ष्मदर्शकाला आम्ही चौघं-चौघं चिकटलेलो. काचपट्टीवर सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद होता. त्यात जे दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं आणि रंगवायचं. मी मान मोडून काढलं होतं, आणि आपली आकृती वर्गात सर्वांत सुबक आली आहे अशी माझी पक्की खात्री होती.

"झायलम कुठल्या रंगाचं असतं?"

"या पट्टीत तांबडं, मॅडम."

"आणि तू कुठल्या रंगानं रंगवलंस?"

"तांबड्याच."

शेजारची नयना खुदकन हसली. मॅडमनी जर्नल माझ्या नाकापुढे धरलं. "हे हिरवं आहे. गर्द हिरवं. आणि बाकीचं खोड, जे हिरवं हवं, ते तू विटकरी करून ठेवलंयस."

मी माझ्या पेन्सिलींकडे पाहिलं. पेन्सिलीवर सोनेरी अक्षरांत रंगाचं नाव असतं, पण मी धांदरट, नावाच्याच टोकानं तासत गेले होते आणि नावं केव्हाच भुशात गेली होती. "मला तर या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात," मी म्हटलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एक पुस्तक मागून आणलं. पानोपानी एकेक मोठं वर्तुळ, आणि त्यात रंगीत ठिपकेच ठिपके. पहिल्या पानावर आकडा होता. "बारा," मी झटकन म्हटलं. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके. तिसऱ्यावरही ठिपके. मॅडम पान उलटत होत्या आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारी नयना पाढे म्हटल्यासारखं म्हणत होती, "आठ. सहा. एकोणतीस." ती मुद्दाम बनाव करते आहे असं मला वाटलं.

मॅडमनी पुस्तक मिटलं. "तुला तांबड्या-हिरव्यातला फरक दिसत नाही. कलर ब्लाइंडनेस. घाबरू नकोस, त्यानं काही अडत नाही. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, पुढची दिसत नाहीत. मुलांमध्ये हे बऱ्यापैकी सापडतं." मग त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकानंच पाहिलं. "मुलगी मात्र मी पहिल्यांदा पाहते आहे."

मी घाबरले वगैरे काही नाही. उलट माझा भाव वधारला. मधल्या सुट्टीत पोरी आपापल्या ओढण्या, रिबिनी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, हा कोणता, हा कोणता. मी ऐटीत चुकीची उत्तरं द्यायची. आजवर वर्गात माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

घरी मात्र मी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरात हे बोलायचं तरी कोणत्या तोंडानं? येवल्यात पैठणी विणणारे पुष्कळ, पण रंगांसाठी नाव घ्यायचे ते नारायण बिडव्यांचं, म्हणजे माझ्या नानांचं. त्यांच्या पदरावरचा मोर बघायला शेजारच्या गल्लीतले विणकर येत. नानांना रेशीम देणारे आणि विणलेली पैठणी मुंबईला पाठवणारे मोहनशेठ, म्हणजे नयनाचे वडील, चारचौघांत सांगायचे, "नारायणरावांच्या डोळ्यांत देवानं रंगपेटीच ठेवून दिलीय." नाना यावर खाली मान घालून हसायचे. मला वाटायचं, किती हा विनय.

माग आमच्या पुढच्या खोलीत होता. नाना मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि आई त्यांच्या उजव्या हाताला, पाटावर. रेशमाच्या कांड्या भरायचं, म्हणजे लहान नळ्यांवर धागा गुंडाळायचं काम तिचं. भरलेल्या कांड्या ती एका पितळी ताटात मांडायची, आणि मांडायची ती अगदी जेवायला वाढल्यासारखी. मिठाच्या जागी वरती पांढरी, डावीकडे चटणीच्या जागी एक, उजवीकडे भाजीच्या जागी दुसरी. मग ताट नानांच्या पुढ्यात सरकवायची. कांडी संपली की त्याच जागी नवी. मी लहानपणी म्हणायची, "आई नानांना रेशीम जेवायला वाढते." यावर दोघंही हसायची आणि विषय बदलायची.

गल्लीतल्या सगळ्या पोरी कांड्या भरायच्या. मला मात्र आईनं रेशमाला हात लावू दिला नाही. "तू अभ्यास कर," एवढंच तिचं उत्तर. शेजारणी तिला टोमणे मारत, मुलीला राणी करून ठेवलीय म्हणून. मी त्यावर फुगून बसलेली असायची. मला डॉक्टर करायचं घाटतंय, अशी माझी समजूत.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आनुवंशिकतेचा धडा काढला. त्या धड्याच्या इंग्रजी नावात एक शब्द असा होता की मागच्या बाकावरची पोरं वर्षभर त्याचीच वाट बघत होती. मॅडमनी तो शब्द न उच्चारता फळ्यावर लिहिला, पाठ फिरवूनच खसाखसा आकृत्या काढल्या आणि सांगायला लागल्या. आईकडून एक एक्स येतो. बापाकडून मुलीला एक्स, मुलाला वाय. रंग न दिसण्याचा दोष एक्सवर बसतो. मुलाकडे एकच एक्स, तो सदोष आला की झालं. मुलीकडे दोन असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणून मुलींमध्ये हे विरळा.

"मॅडम," नयनानं हात वर केला, "मग मुलीला असलं तर?"

"मग दोन्ही एक्स सदोष हवेत. आई निदान वाहक हवी, आणि वडिलांना तर असलंच पाहिजे. त्यांच्याकडे एकच एक्स, तोच तिला मिळालेला. तेव्हा शंभर टक्के..."

हातातला खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण तोवर सगळा वर्ग माझ्याकडे वळला होता.

"नाना बिडव्यांना रंग दिसत नाहीत?" मागून कुणीतरी म्हणालं. मोठा हशा झाला. येवल्यात याहून मोठा विनोद काय होणार? मग तो हशा हळूहळू विरला, आणि तेवढ्यात दुसरा एक आवाज, जरा हलक्यानं, म्हणाला, "मग हिचे वडील...?"

या वेळी कुणी हसलं नाही. तास संपायला वेळ होता, पण मॅडमनी हजेरीपट उचलला.

जाता जाता त्यांनी मला बाहेर बोलावलं. "निसर्गात अपवाद असतात, हेमलता. पुस्तकातलं सगळंच काही..."

"शंभर टक्के म्हणालात तुम्ही, मॅडम."

मला त्यांचा राग आला होता, नयनाचा आला होता, आणि सूर्यफुलाच्या खोडाचासुद्धा.

घरी आले. नाना मागावर, आई पाटावर, ताट मध्ये. रोजचंच चित्र. पण मी दारातच उभी राहून नानांचं नाक बघायला लागले. मग कान. मग पायाची बोटं. आरशात माझे बघून यायची आणि पुन्हा त्यांचे बघायची. "काय करून राहिली तू?" आई म्हणाली. "आत-बाहेर, आत-बाहेर. बस की एका जागी."

बसवेना. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: नानांना तांबडं-हिरवं कळत नसेल, तर मी त्यांची. कळत असेल, तर नाही. आणि कळत तर अख्ख्या गावात त्यांच्याइतकं कुणालाच नव्हतं.

तरी परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडेना. पण घ्यायची कशी? परीक्षकच आंधळी. नानांनी मिरची तांबडी म्हटली काय नि हिरवी म्हटली काय, खरं-खोटं मला कुठून कळणार? शेवटी शेजारच्या पिंकीची नवी कोरी पेन्सिलींची पेटी मागून आणली. तिच्या पेन्सिलींवर नावं शाबूत होती. त्यांवर मी चिकटपट्टी लावली आणि संध्याकाळी मागापाशी गेले.

"नाना, ही कोणती पेन्सिल?"

नाना धागा सोडवत होते. "बघू."

"हिरवी पेन्सिल कशाला दाखवते त्यांना," आई कांडी भरता भरता म्हणाली. "दमलेत ते."

"हिरवी," नाना म्हणाले.

"आणि ही?"

"तांबडीचं टोक मोडशील, नीट धर," आई म्हणाली.

"तांबडी. अगं, पण परीक्षा तुझी आहे का माझी?"

मी मोरीत जाऊन चिकटपट्ट्या सोलल्या. एकीवर हिरवा, एकीवर तांबडा. दोन्ही बरोबर. कुठल्याही मुलीला बाप पास झाल्याचं एवढं दुःख झालं नसेल. मी तिथेच, मोरीच्या कट्ट्यावर बसून तोंडात ओढणीचा बोळा घालून रडले.

मग मला आईच्या हातचं जेवण जाईना. ती जवळ आली की मी उठून जायची. आणि आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं नाक मी तपासायला लागले. जरीची तार विकणारा, दूधवाला, आईच्या माहेरून येणारा तो लांबचा कुणी भाऊ. मोहनशेठवरही माझी नजर गेली होती, पण त्यांना रेशमातली कणभर छटा कळायची, त्यामुळे शास्त्राच्या नियमानं ते सुटले. हे आज आठवलं की हसू येतं.

नयनानं घरी सांगितलंच होतं. मोहनशेठ रेशीम घेऊन आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि माझ्याकडे बघून सहज म्हणावं तसं म्हणाले, "नारायणराव, मुलगी कुणावर गेली हो तुमची?"

"आईवर," नाना म्हणाले.

"हो ना. तुमच्यावर तर काहीच दिसत नाही." आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. नानांच्या लक्षात काही आलं नाही. आईचा हात मात्र कांड्या भरायच्या रहाटावर थांबला.

दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली आणि अर्ध्या हंड्यानंच परत आली. हंडा धाडकन ठेवला आणि मला स्वैपाकघरात घेऊन दार लोटलं.

"काय शिकवून राहिले तुम्हाला कॉलेजात? मी गेली की बायका गप होतात."

मग माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. पेन्सिली, ठिपक्यांचं पुस्तक, एक्स आणि वाय. ती ऐकत होती, डोळे चुलीकडे. मी शेवटी म्हटलं, "आई, मी नानांचीच ना?"

ती मला एक थोबाडीत देईल, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे द्यावी अशी माझी इच्छा होती. तिनं दिली नाही.

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"वडिलांना दिसत असलं तर मुलीला असं होऊच शकत नाही."

"मग तसं असेल," ती म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

"असेल म्हणजे?"

"चार दिवस बोलतील अन् गप बसतील लोक. तू तुझी परीक्षा दे."

मी तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ मला तिचा संशय होता, पण मनातून मी तो खोटा ठरायची वाट बघत होते. आता वाट बघायलाही काही उरलं नाही. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की बाहेरचा मागाचा आवाज बंद झाला आहे.

दार ढकलून नाना आत आले. "काय लिहिलंय पुस्तकात?"

"काही नाही," आई घाईनं म्हणाली. "तुम्ही बसा मागावर. ताट वाढलंय."

"हेमे, तू सांग."

मी परातीतल्या पिठात बोटानं रेघा काढून सांगितलं. हा बाप, ही आई, ही मुलगी. नाना उकिडवे बसून ऐकत होते. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांना एकदाच सांगावं लागलं. पदराची नक्षी डोक्यात मोजणारा माणूस तो.

"म्हणजे बापाला दिसत असेल, तर ही बापाची नाही."

"हो."

"असं गावात बोलून राहिले? तुझ्या आईबद्दल?"

मी मान खाली घातली. नानांनी आईकडे पाहिलं. आईही त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली.

"तुम्ही काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ आहे. मोर गेला तर परत यायचा नाही."

मला त्यातलं काहीच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते माझ्यापासून लपवलेलं आहे. नाना उठून मागाशी गेले. पण माग काही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल होतं. त्या दिवशी मी जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण घरात थांबणं त्याहून अवघड होतं. बेडकाचं हृदय काढायचं होतं, जर्नलमध्ये, नुसतं पेन्सिलीनं. रंग नव्हते. माझ्या टेबलापाशी कुणी उभं राहत नव्हतं.

दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर नाना. धुतलेला पायजमा, डोक्याला टोपी, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. कॉलेजात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्यामागे मोहनशेठचा माणूस किंवा गल्लीतलं कुणी आहे का म्हणून मी पाहिलं. कुणी नव्हतं.

"मॅडम, मी नारायण बिडवे. हिचा..." ते क्षणभर थांबले. "ते ठिपक्यांचं पुस्तक आहे म्हणे तुमच्याकडं. जरा बघायचं होतं."

मॅडमचा चेहरा पडला. "अहो, त्याची काही गरज नाही. चला, आपण ऑफिसात बसून..."

"ऑफिसात नको. इथंच दाखवा. सगळी लेकरं आहेत तर."

मॅडमनी कपाट उघडलं. पुस्तक काढताना त्यांच्या हातून खाली पडलं. नयना पुढे सरकली, तिच्यामागे सगळा वर्ग. मी जागची हलले नाही. मला नानांची पाठच दिसत होती, आणि पुस्तकाची कड.

पहिलं पान उघडलं.

"बारा," नाना म्हणाले.

कुणीतरी सुस्कारा सोडला. नयनानं माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात कीव होती. पण मला माहीत होतं, पहिलं पान सगळ्यांना दिसतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, यांना नापास कर. पुढचं पान दिसू देऊ नकोस. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की हाताला वळ उठले.

मॅडमनी पान उलटलं. नाना वाकले. टोपी मागे सारली. पुस्तक उजेडाकडे धरलं, मग लांब धरलं.

"ठिपके हायेत," ते म्हणाले.

"आकडा, नाना. कुठला आकडा दिसतो?" मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला.

"आकडा नाही दिसत."

तिसरं पान. "ठिपके."

चौथं. "ठिपकेच."

एकेक पान उलटत होतं आणि नानांचं तेच उत्तर. नयनाचं तोंड उघडं पडलं होतं. आता आकडे कुणी म्हणत नव्हतं. शेवटी मॅडमनीच पुस्तक बाजूला ठेवलं.

"पण तुमचे मोर..." त्या म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलेत."

"वीण माझी आहे. रंग माझ्या बायकोचे." नानांनी टोपी काढून हातात घेतली. "ती कांड्या ताटात वाढते. चटणीच्या जागी तांबडी, भाजीच्या जागी हिरवी. मी जागा बघतो, रंग नाही. पहिल्यांदा मी हट्टानं एकट्यानं पदर विणला, तर पोपट तांबडा अन् चोच हिरवी. तिनं रात्रीतनं सगळा उसवला अन् कुणाला कळू दिलं नाही. तेव्हापासून मी ताटाशिवाय बसत नाही."

मला मोरी आठवली, पेन्सिली आठवल्या. हिरवी पेन्सिल कशाला दाखवते त्यांना. तांबडीचं टोक मोडशील. उत्तर दोन्ही वेळा आईनंच आधी दिलं होतं, आणि मी कानात बोळे घातल्यासारखी नानांच्या डोळ्यांकडे बघत बसले होते.

"तुमची बायको तुमच्या नात्यातली का हो?" मॅडमनी एकदम विचारलं.

"मामाची मुलगी. माझा मामापण असाच. त्याला हीच रंग द्यायची, लहानपणापासून. म्हणून तर आईनं हीच सून केली. म्हणाली, नारायणाला दुसरी कुणी उपयोगाची नाही."

मॅडम फळ्याकडे गेल्या. भराभर आकृती काढली. वर नानांची आई आणि मामा, बहीण-भाऊ. मामाच्या खाली माझी आई, आजीच्या खाली नाना, त्या दोघांच्या खाली मी. कुठला एक्स कुणाकडून कुणाकडे आला त्याच्या रेघा ओढल्या. मामाचा सदोष एक्स आईत उतरला. आजीचा नानांत. दोन्ही येऊन माझ्याशी मिळाले. मॅडम मागे सरकल्या आणि फळ्याकडे बघत राहिल्या. "पुस्तकातसुद्धा इतकं बिनचूक सापडत नाही."

"मला त्यातलं कळत नाही," नाना म्हणाले. "एवढंच सांगा, ही पोरगी कुणाची?"

"तुमची. तुमचीच."

"मला ठाऊक होतं. यांना सांगा." मग ते नयनाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ती जास्त कावरीबावरी झाली. "बाळ, घरी गेलीस की वडिलांना सांग. नारायण बिडव्याला तांबडं-हिरवं कळत नाही. आजवर जे रंग माझे म्हणून मुंबईला गेले, ते माझ्या बायकोचे होते. मोराचं काम द्यायचं का नाही, ते त्यांनी ठरवावं."

मोहनशेठनी नाही दिलं. पुढे कित्येक दिवस आमच्याकडे एकरंगी, साध्या काठाचंच काम येत होतं, आणि ओट्यावर बसून नानांचे रंग वाखाणणारे लोक समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. ज्याचा डोळा म्हणून नाव, त्याचा डोळाच नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? पुन्हा मोर आला तो दिवाळीनंतर, आणि तेव्हा शेठनी निरोप धाडला तो आईच्या नावानं. पण हे सगळं मागाहून.

त्या दिवशी आम्ही दोघं बाजारातून चालत घरी निघालो. मला नानांचा हात धरावासा वाटत होता, पण बारावीतल्या मुलीनं भर बाजारात बापाचा हात धरावा कसा. मी नुसतीच त्यांच्याजवळून चालत होते. त्यांचं नाक आता मला माझ्यासारखं दिसत होतं. आधी कसं दिसलं नाही कोण जाणे.

"आईनं शपथ घातली होती तुम्हाला," मी म्हटलं.

"हं."

"मोडलीत."

"मग काय करू? तिच्या नावाला बट्टा लागू द्यायचा अन् मी मोर विणत बसायचं?" जरा वेळानं म्हणाले, "पण आता घरी आपली धडगत नाही. काहीतरी घेऊन जाऊ."

टोमॅटोवाली बसली होती. नाना उकिडवे बसले, मीही बसले. त्यांनी एक टोमॅटो उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "हा पिकलेला आहे ना?"

मी बघितलं. "असेल."

"असेल काय?"

"मला काय विचारता, नाना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि नाना हसायलाच लागले. टोमॅटोवालीला वाटलं, हे दोघं तिच्या मालाला हसताहेत. ती चिडली. आम्ही अंदाजानं पिशवी भरली आणि पळालो.

आई दारातच होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, जमिनीवर पालथी केली, आणि खाली बसून निवडायला लागली.

"हा कच्चा. हा कच्चा. हाही कच्चाच. अहो, हे काय आणलंत?" एकेक टोमॅटो ती बाजूला टाकत होती आणि तिचा आवाज फुटत होता. "एकाला जन्मभर सांभाळलं. आता ही दुसरी."

मी तिच्यापुढे बसले. "तुला माहीत होतं? माझंही?"

"चार वर्षांची असताना डाळिंबाच्या झाडाखाली उभी होतीस. पिकलेलं डाळिंब डोळ्यांपुढं, अन् तू विचारत होतीस, कुठं आहे. मी तेव्हाच ओळखलं." तिनं डोळे पुसले. "म्हणून तर तुला रेशमाला हात लावू दिला नाही. एका घरात दोघंजण उघडे पडले असते."

मला तिची माफी मागायची होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं नाही, पण माझ्या हातात एक टोमॅटो कोंबला. "दाबून बघ. देठापाशी. कडक लागतो ना? म्हणजे हिरवा. डोळ्याला नाही कळलं तर हाताला कळतं. शीक."

नाना आतापर्यंत दारातच उभे होते. आता ते गुपचूप जाऊन मागावर बसले. पाय खड्ड्यात सोडले आणि ताटाकडे बघत राहिले. पदरावरचा मोर अर्धा झाला होता. शेठ तो अर्ध्यावरच उचलून नेणार की काय, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "कांड्या."

आई उठली. रस्त्याकडचं दार, जे ती काम चालू असताना कायम लोटून घ्यायची, ते तिनं सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. ती पाटावर बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि एकेक कांडी ठेवू लागली. आजवर ती हे मुकाट्यानं करायची.

"ही तांबडी," ती म्हणाली, समोरच्या ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात. "ही हिरवी. ही मोरपिशी. ही मोराच्या गळ्याला."

आणि नाना तिच्या आवाजावर विणू लागले.